कळवळा

तिमाही अभ्यासपाठ
शास्त्रभाग: लूक ७:१-१७; लूक २४:१३-३५



या तिमाहीच्या पाठासाठी लूककृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायातील ११ ते १७ या सात ओव्या घेतल्या आहेत. पुढे जाण्यापूर्वी पवित्र शास्त्र उघडून हा भाग एकदा मोठ्याने वाचावा, अशी विनंती आहे. घरात ऐकायला कोणी नसले तरी मोठ्यानेच वाचावा. डोळ्यांनी भरभर वाचले की ही गोष्ट ‘मेलेला मुलगा उठला’ एवढीच उरते. कानांनी ऐकली की तिच्यातली आई दिसू लागते.

नाईन हे गालीलातले लहानसे खेडे. नासरेथच्या आग्नेयेला, साधारण आठ-नऊ किलोमीटरवर, मोरे टेकडीच्या उत्तरेकडच्या उतारावर ते वसले होते. आजही तिथे त्याच नावाची अरब वस्ती आहे. येशू नासरेथात वाढला, तेव्हा हे गाव त्याला परके नसावे. आमच्या डोंगरातल्या हिशेबाने बोलायचे तर शेजारचाच पाडा. टेकडीच्या दुसऱ्या अंगाला शूनेम. तिथे अलीशा संदेष्ट्याने एका आईला तिचा मेलेला मुलगा जिवंत परत दिला होता (२ राजे ४). नाईनच्या म्हाताऱ्या बायकांनी ही गोष्ट नातवंडांना कितीदा सांगितली असेल! पण गोष्ट माहीत असणे वेगळे आणि आपल्या दारातून तिरडी निघणे वेगळे.

वेशीपाशी दोन घोळके समोरासमोर येतात. एक आत येणारा: येशू, त्याचे शिष्य आणि मागून चाललेले लोक. दुसरा बाहेर जाणारा: एका विधवेचा एकुलता एक मुलगा गेला आहे आणि गाव त्याला पुरायला निघाले आहे. वाट अरुंद असणार. अशा वेळी आपण काय करतो? बाजूला होतो, डोक्यावरची टोपी काढतो, तिरडी जाऊ देतो. ते योग्यच आहे. प्रभू मात्र बाजूला झाला नाही.

त्या बाईची अवस्था नीट समजून घेतली पाहिजे. नवरा आधीच गेलेला, आणि आता मुलगा गेला. त्या काळी अशा बाईला कमावते माणूस नाही, शेतावर हक्काने उभे राहणारे कोणी नाही, म्हातारपणी पाणी द्यायला कोणी नाही. शेतात विसरलेली पेंढी आणायला परत जाऊ नये, ती परदेशी, अनाथ व विधवा यांच्यासाठी राहू द्यावी, अशी आज्ञा मोशेच्या नियमशास्त्रात आहे (अनुवाद २४:१९-२१). असा नियम करावा लागला यातच सगळे आले. आज गाव तिच्याबरोबर चालले आहे, पण उद्या सकाळी ज्याचा तो कामाला जाईल. परवा तिला सरवा वेचायला जावे लागेल.

लूक सांगतो की प्रभूने तिला पाहिले आणि त्याला तिचा कळवळा आला.

या एका शब्दापाशी मला थोडे थांबायचे आहे. मूळ ग्रीक भाषेत इथे जे क्रियापद आहे ते पोटातल्या अवयवांच्या, म्हणजे आतड्या-काळजाच्या नावावरून तयार झाले आहे. दया करणे, कृपा करणे यांसाठी ग्रीक भाषेत दुसरे शब्द होते. लूकने हा घेतला. शुभवर्तमानांत हे क्रियापद बारा वेळा येते, तेही फक्त मत्तय, मार्क व लूक या तिघांत. एक तर ते येशूविषयी येते, नाहीतर त्याने सांगितलेल्या दाखल्यांतल्या माणसांविषयी: चाकराचे कर्ज सोडणारा धनी, जखमी वाटसरूपाशी थांबलेला शमरोनी आणि उधळ्या मुलाचा बाप. हिब्रू भाषेतही करुणेसाठी जो शब्द येतो त्याचे नाते गर्भाशयाच्या शब्दाशी आहे.

हे समजायला मराठी माणसाला व्याख्या लागत नाही. आपण म्हणतोच, ‘पोटात कालवलं’, ‘आतडं तुटलं’, ‘आतड्याची माया’. डोक्याने केलेली दया वेगळी. ती हिशेब मांडते, पात्र-अपात्र ठरवते आणि पावती घेते. कळवळा विचारून येत नाही. आधी पोटात पीळ पडतो, विचार मागून येतो. म्हणून आपल्या भाषांतरकारांनी इथे ‘कळवळा’ हा शब्द घातला हे मला फार आवडते. त्यापेक्षा नेमका शब्द मला सुचत नाही.

आणखी एक गोष्ट पाहा. नाईनच्या वेशीवर प्रभूने ‘पाहिले’ आणि त्याला कळवळा आला. दहाव्या अध्यायात शमरोन्याने ‘पाहिले’ आणि त्याला कळवळा आला. पंधराव्यात बापाने मुलाला दूर असतानाच ‘पाहिले’ आणि त्याला कळवळा आला. तिन्ही ठिकाणी क्रम एकच आहे. याजकाने आणि लेव्यानेही त्या जखमी माणसाला पाहिले होते, हेही लूक लपवत नाही. त्यांचे पाहणे डोळ्यांतच राहिले, पोटापर्यंत उतरले नाही. आत्मिक जागृतीविषयी आपण पुष्कळ बोलतो, त्यासाठी उपास-प्रार्थना करतो, सभा भरवतो. मला वाटते की जागृतीची पहिली खूण या तीन ठिकाणी दिसते: जे रोज डोळ्यांपुढून जात होते ते एक दिवस पोटात उतरते.

आता माझ्याकडची गोष्ट. मी पेठ-सुरगाण्याच्या डोंगराळ भागात परिचारिका म्हणून सव्वीस वर्षे काम केले. हा कोकणा, महादेव कोळी, वारली लोकांचा मुलूख. पावसाळ्यात नद्या-ओहोळ अंगावर येतात आणि चैत्र-वैशाखात हंडाभर पाण्यासाठी बायका खडकातल्या झऱ्यावर रात्र काढतात. भात, नागली, वरई निघाली की घरेच्या घरे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात. पिकअप गाडीत माणसे, भांडी, कोंबड्या, तान्ही पोरे, सगळे एकत्र. मागे म्हातारी माणसे आणि वसतिगृहातली मुले राहतात.

अकरा वर्षांपूर्वी श्रावणात एका पाड्यावरची मुलगी बाळंतपणात अडली. पाड्यापर्यंत गाडी जात नव्हती. चार माणसांनी बांबूला घोंगडी बांधून तिला झोळीत घातले आणि निघाले. मी निरोप मिळताच दुसऱ्या बाजूने निघाले. मधल्या नदीला पाणी होते. ते उतरायची वाट पाहात काठावर थांबलो असतानाच ती बाळंत झाली. मूल वाचले. रक्त थांबेना. माझ्या पेटीत होते ते सगळे वापरले. ती तिथेच, नदीच्या अलीकडे गेली.

तिची आई बरोबर होती. तिला मी पुढे मावशी म्हणू लागले. पाणी उतरायला संध्याकाळ झाली. तोवर आम्ही दोघी एका प्लॅस्टिकच्या कागदाखाली बसून राहिलो. मधे लेकीचा देह, तिच्या मांडीवर नात. माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. प्रार्थना केली, पण मनातल्या मनात. एवढेच घडले. त्यात सांगण्यासारखे काही नव्हते, म्हणून मी ते इतकी वर्षे कुठे सांगितलेही नाही.

दोन वर्षांपूर्वी माझे यजमान गेले. ते इथल्या वसतिगृहाचे काम पाहात. सकाळी मुलांना नाश्ता वाढला, हातपाय धुवायला मागे गेले आणि परत आलेच नाहीत. दफनविधी झाला. मंडळी आली, पाळकसाहेब आले, नाशिकहून नातलग आले. सगळ्यांनी प्रेमाने जे सांगायचे ते सांगितले. ‘प्रभूची इच्छा’, ‘तो बरा ठिकाणी गेला’, ‘तुम्ही तर दुसऱ्यांना धीर देणाऱ्या’. यातले एकही वाक्य खोटे नव्हते. पण त्या दिवसांत खरे वाक्यही टोचते, हे ज्यांच्या घरात असे घडले आहे त्यांना मी सांगायला नको.

चौथ्या दिवशी पाहुणे पांगले तेव्हा मावशी आली. सात किलोमीटर चालत. दारात चपला काढल्या, माझ्याकडे एकदा पाहिले आणि सरळ मागच्या अंगणात गेली. रिकामे हंडे उचलून पाणी भरले. ओटा सारवला. चूल पेटवून नागलीची पेज केली आणि वाटी माझ्यापुढे ठेवून भिंतीला पाठ टेकून बसली. बोलली नाही. मी पेज प्याले. चार दिवसांत पोटात गेलेले ते पहिले गरम अन्न. मग मी रडले. ती तशीच बसून होती. रात्री तिथेच अंग टाकले, सकाळी पुन्हा पाणी भरले. असे तीन दिवस. जायला निघाली तेव्हा एवढेच म्हणाली, ‘बाई, त्या दिशी नदीवर तुमी घड्याळात नाय पाह्यलं.’

अकरा वर्षांपूर्वीचा तो दिवस तिने असा जपून ठेवला होता. औषध नव्हे, पेटी नव्हे, माझी मनातली प्रार्थना तर तिला ऐकूच गेली नव्हती. मी घड्याळ पाहिले नाही हे तिने पाहिले होते.

पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या सुरुवातीला सांत्वनाचा एक क्रम आहे. देव आपले सांत्वन करतो, म्हणून त्याच सांत्वनाने आपण इतरांचे सांत्वन करू शकतो (१:३-४). हे वचन मी कितीदा शिकवले! पण शिकवताना माझ्या मनात चित्र एकाच दिशेचे असे: आमच्याकडून पाड्याकडे. मदत वरून खाली वाहते, असे आपण सगळेच धरून चालतो. अहवाल तसे लिहिले जातात, फोटो तसे काढले जातात. देणारे उभे, घेणारे बसलेले. मावशीच्या वाटीने ती दिशा माझ्यापुरती तरी उलटी केली.

मागच्या वर्षी शहरातून काही हितचिंतक वसतिगृह पाहायला आले होते. त्यांच्यातल्या एका ज्येष्ठ बंधूंना मी ही हकीकत सांगितली. ते गहिवरले. मग त्यांनी विचारले, ‘मग ती बाई आता मंडळीत आली का?’ प्रश्न सरळ मनाने विचारलेला होता, आणि तो विचारण्याचा त्यांना हक्क आहे. आपल्या घासातला घास काढून ते इथे पाठवतात. उत्तर मात्र ‘नाही’ असे होते. मावशी वाघबारशीला वाघदेवाला नारळ ठेवते, मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाच्या उत्सवाला तिचे घर नाचायला जाते. माझ्या घरी प्रार्थना चालली असली की पदर डोक्यावर घेऊन बसते आणि संपली की उठते. त्या बंधूंच्या चेहऱ्यावर थोडी निराशा आली. तेव्हा चहा आला आणि विषय बदलला. त्यांना द्यायचे उत्तर मी या पाठात देते आहे, कारण हा प्रश्न पुष्कळांच्या मनात असतो आणि थोडेच तो बोलून दाखवतात.

सातव्या अध्यायाच्या पहिल्या दहा ओव्यांकडे या. नाईनच्या अगदी आधी लूकने कफर्णहूमच्या शताधिपतीची गोष्ट ठेवली आहे. तिथे यहूद्यांचे वडील येऊन येशूला विनवतात. हा माणूस लायक आहे, आपल्या लोकांवर प्रेम करतो, यानेच आम्हाला सभास्थान बांधून दिले, अशी त्याची शिफारस करतात. म्हणजे अर्ज आहे, पात्रता आहे, आणि पुढे तर विश्वासही असा आहे की प्रभूने त्याचे आश्चर्य केले. लगेच पुढची गोष्ट विधवेची. तिने काही मागितले नाही. तिची शिफारस कोणी केली नाही. तिचा विश्वास किती, हे प्रभूने विचारले नाही. सबंध गोष्टीत ती एक शब्द बोलत नाही. लूकने या दोन गोष्टी शेजारी-शेजारी ठेवल्या. पहिली वाचून कोणी म्हणेल की विश्वास असेल तिथेच प्रभू येतो, तर दुसरी त्याला गप्प करते.

आणि शेवट काय झाला? मुलगा उठून बसला, बोलू लागला. येशूने त्याला काय केले? ‘माझ्यामागे ये’ असे म्हटले नाही. शिष्यांत घेतले नाही. त्याला त्याच्या आईला दिले. सारफथच्या विधवेच्या गोष्टीत एलीयाने केले तसेच (१ राजे १७). ती बाई पुढे येशूच्या मागे गेली की नाही, हे लूक सांगत नाही. लोकांनी देवाचे गौरव केले हे सांगतो, पण ते त्यांचे त्यांनी केले. कळवळ्याला अट घातली की तो सौदा होतो. आदिवासी भागात सौदे करणारे आधीच पुष्कळ आहेत. सावकार आहे, मजूर नेणारा मुकादम आहे, निवडणुकीच्या वेळी येणारे आहेत. त्यांच्या रांगेत प्रभूच्या नावाने उभे राहण्याची माझी तयारी नाही.

याचा अर्थ आपला विश्वास झाकून ठेवावा असा नाही. दवाखान्याच्या भिंतीवर क्रूस आहे, वसतिगृहात सकाळ-संध्याकाळ प्रार्थना होते, कोणी विचारले तर मी सांगते आणि आनंदाने सांगते. पण मावशीने आणलेले सांत्वन तिच्या नावापुढे कोणता धर्म लिहिला आहे हे पाहून मी घेतले नाही. ते देवाकडून आले असे मी मानते.

शताधिपतीची शिफारस करणाऱ्यांना एक गोष्ट बोलायची हिंमत झाली नसती, ती प्रभूने वेशीवर केली: तो जवळ गेला आणि त्याने तिरडीला हात लावला. मृताला शिवणारा सात दिवस अशुद्ध, असा नियम होता (गणना १९:११). एका शब्दाने काम होणार होते. नुकताच कफर्णहूमला दुरून शब्दानेच चाकर बरा झाला होता. तरी इथे हात लावला. उचलणारे उभे राहिले, असे लूक मुद्दाम लिहितो. मला ही जागा गोष्टीतली सर्वांत मोठी वाटते. पुनरुत्थान पुढे आहेच. पण त्याआधी कोणीतरी त्या मिरवणुकीला थांबवले, त्या बाईचे दुःख आपल्या अंगाला लावून घेतले.

नुकसानीतून कळवळा कसा जागा होतो याचे आपल्या मराठी मंडळीच्या इतिहासातले मोठे उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. त्यांचे नाव आपण सगळे घेतो, पण त्यांच्या आयुष्यातल्या मृत्यूंचा क्रम क्वचित कोणी सलग मांडतो. तो मांडावा. १८७४ च्या सुमाराच्या दुष्काळात वडील अनंतशास्त्री डोंगरे आणि आई लक्ष्मीबाई थोड्याच अंतराने गेले, पाठोपाठ थोरली बहीण. वय सोळा-सतरा. मग भाऊ श्रीनिवास आणि त्या, दोघे पायी देशभर फिरले, कधी झाडपाल्यावर राहिले. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झाले आणि १८८२ मध्ये पटकीने तेही गेले. तेवीस-चोवीस वर्षांच्या विधवेच्या कडेवर एक लहान मुलगी उरली, मनोरमा.

आसामातल्या सिल्चर गावी, लग्नानंतरच्या त्या थोड्या सुखाच्या दिवसांत, घरातल्या पुस्तकांत त्यांना एक लहान पुस्तक सापडले होते. बंगालीतले लूककृत शुभवर्तमान. ते तिथे कसे आले हे त्यांना कळले नाही, पण त्यांनी ते वाचले. आज आपण जो भाग शिकत आहोत तो त्यात होताच. पुढे १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन, हे सर्वांना ठाऊक आहे.

मला सांगायचे आहे ते १८९६-९७ विषयी. मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला. बातम्या येऊ लागल्या तेव्हा रमाबाईंपुढे अडचणी कमी नव्हत्या. हातात पैसा नाही, पुण्यात प्लेगची धास्ती, शारदा सदनावर आधीच टीका. तरी त्या गेल्या. का गेल्या हे त्यांनीच लिहून ठेवले आहे: वीस-बावीस वर्षांपूर्वीची स्वतःची उपासमार त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. म्हणजे तिथल्या मुलींकडे त्या ‘दुष्काळग्रस्त’ म्हणून पाहात नव्हत्या, त्यांना त्यांत स्वतःचे घर दिसत होते. शेकडो मुली-बायका त्यांनी केडगावला आणल्या. तिथे शेतजमीन होती, त्यावर छपरे उभी राहिली आणि त्यातून मुक्ती सदन वाढले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळात आणखी शेकडो आल्या.

१९०५ च्या जूनमध्ये मुक्ती सदनात जी जागृती झाली तिच्याविषयी आपल्या सभांतून नेहमी बोलले जाते. अश्रू, पापांगीकार, रात्र-रात्र प्रार्थना. ते सांगावेच. पण त्या मुली कोण होत्या, हे सांगायचे राहून जाते. बहुतेक जणी आईबाप डोळ्यांपुढे गेलेल्या, कोणी रस्त्यावरून उचललेल्या, कोणी विधवा. दिवसा छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या, मागावर बसणाऱ्या, शेतात राबणाऱ्या. जागृतीच्या आठ-नऊ वर्षे आधी कोणीतरी त्यांना जेवू घातले होते, न्हाऊ घातले होते, अक्षरे शिकवली होती. अग्नी उतरला हे खरे, पण सरपण कळवळ्याने आधीच रचले होते, असे माझे मत आहे. कोणाला ते पटले नाही तर चर्चेत जरूर मांडावे.

१९२१ मध्ये मनोरमाही गेली. आईच्या हाताखाली तयार झालेली, काम पुढे नेईल अशी एकुलती एक मुलगी. नाईनच्या बाईसारखीच अवस्था, फक्त इथे वेशीवर कोणी तिरडी थांबवली नाही. रमाबाईंनी मूळ भाषांवरून चालवलेले बायबलचे साध्या मराठीतले भाषांतर शेवटपर्यंत सोडले नाही, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी डोळे मिटले. प्रत्येक विधवेचा मुलगा उठत नाही. नाईनचा तो मुलगासुद्धा पुढे कधीतरी मेलाच असेल, आणि त्याच्या आईचा नवरा तर परत आलाच नव्हता. हे लक्षात ठेवून ही गोष्ट वाचली तरच ती दुःखी घरात वाचण्यालायक राहते.

आता चोविसावा अध्याय. दोन माणसे यरुशलेमेहून अम्माऊसला, साधारण अकरा किलोमीटर, पायी चालली आहेत. त्यांचाही प्रभू गेला आहे. वाटेत एक अनोळखी माणूस सोबत होतो, शास्त्र उलगडून सांगतो, त्यांची अंतःकरणे तापतात, पण ओळख पटत नाही. शास्त्राभ्यास एवढा उत्तम, शिकवणारा प्रत्यक्ष प्रभू, तरी डोळे बंदच! (आम्हा पाठ लिहिणाऱ्यांना याने धीर येतो.) संध्याकाळ होते. तो पुढे जाणार असे दिसते. तेव्हा स्वतः दुःखात असलेली ती दोन माणसे त्या परक्याची काळजी करतात: दिवस कलला आहे, आमच्याकडे राहा. तो आत येतो, जेवायला बसतात, भाकर मोडली जाते आणि त्यांचे डोळे उघडतात. ना मंदिर, ना सभा. रोजचे संध्याकाळचे जेवण. त्यांनी त्याला पुढे जाऊ दिले असते तर? लूकने हे लिहिलेले नाही, पण हा प्रश्न मला सोडत नाही.

दुःखाच्या घरी जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी सांगते, कारण स्त्री मंडळात हे नेहमी विचारले जाते. ईयोबाचे तीन मित्र आपण वाईट उदाहरण म्हणून सांगतो. पण ते आले तेव्हा सात दिवस व सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत (ईयोब २:१३). तो आठवडा त्यांनी उत्तम केला. बिघडले ते आठव्या दिवशी, बोलायला लागल्यावर. दुसरी गोष्ट बेथानीची. योहानाच्या अकराव्या अध्यायात मार्था आणि मरीया दोघीही प्रभूला एकच तक्रार ऐकवतात: तू इथे असतास तर भाऊ मेला नसता. मार्थेशी तो पुनरुत्थानाविषयी बोलतो. मरीयेपुढे तो रडतो. एकाच घरात, एकाच दुःखात, दोघींना दोन वेगळी सांत्वने. कोणाला शिकवण हवी आणि कोणाला सोबत, हे पाहिल्याशिवाय कळत नाही. शंका असेल तर सोबत द्यावी.

घरसभेत हा पाठ घेताना प्रथम लूक ७:१-१७ दोन वेगळ्या आवाजांत वाचावा, पहिला भाग पुरुषाने, दुसरा स्त्रीने. मग प्रत्येकाने आपल्याला नुकसानीच्या दिवसांत कोणी काय केले ते सांगावे. काय म्हटले ते नव्हे, काय केले ते. यासाठी वेळ भरपूर ठेवावा, पाठाच्या उरलेल्या भागाला कात्री लावली तरी चालेल. त्यानंतर मंडळीच्या नोंदवहीतून या वर्षी मृत्यू झालेल्या घरांची नावे वाचावी आणि कोण कोणत्या वारी जाणार हे तिथेच ठरवावे. मंडळीबाहेरची शेजारची घरेही त्या यादीत घालावी. प्रार्थना शेवटी.

मावशीची नात आता आमच्या वसतिगृहात सहावीला आहे. गणितात हुशार आहे, वाचताना अडखळते. डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत बहुतेक मुलींचे आईबाप बागांवर असतात आणि रविवारी भेटायला कोणी येत नाही. आपल्यापैकी ज्यांना यायचे असेल त्यांनी शक्यतो त्याच महिन्यांत यावे. भाषणाचा कार्यक्रम ठेवू नये. दुपारी यावे, मुलींबरोबर तांदूळ निवडावे, त्यांचे वाचन ऐकावे, रात्री त्यांच्याच पंक्तीला जेवावे आणि मुक्काम करावा. पांघरुणे आमच्याकडे आहेत. थंडी बरीच असते, स्वेटर आणावा.